पंगतीच्या पाटीवर काय लिहू : कटाची आमटी की कट्टिन सारु?

सांबऱ्याचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न ठरलंय. आम्ही बेळगाव तालुक्यातले मराठे, मुलाकडचे गोकाक तालुक्यातले लिंगायत. दोघं एका कॉलेजात, एका बसने जायची, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दोन्ही घरांनी सहा महिने तोंडं फुगवून घेतली आणि मग एकदाचे हो म्हणाले. मामा म्हणून जेवणाचं खातं माझ्या गळ्यात पडलं.

परवा मुलाचे काका, मी आणि आचारी असे तिघं आमच्या सोप्यात बसलो. मी वही काढून मराठीत लिहायला लागलो, काका कन्नडमध्ये सांगायला लागले, आचारी दोघांकडे बघून मान हलवत होता. मी पुरणपोळी म्हटलं, ते म्हणाले होळगी. कटाची आमटी, तर कट्टिन सारु. कोशिंबीर, कोसंबरी. भरलं वांगं, एण्णगाई. चकली, चक्कुली. मांडे, मंडिगे. कडबूला आल्यावर काका नुसतेच हसले, कारण तो तिकडेही कडबूच. अर्ध्या तासात वहीच्या दोन रकान्यांत एकच जेवण उतरलं. मला वाटलं, मग सहा महिने आपण भांडलो कशावर?

तेवढ्यात काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मांडव परतणीला तुमच्यात काय असतंय?"

त्यानंतर तासभर वहीत कुणी काही लिहिलं नाही.

तर दोन प्रश्न आहेत. एक सोपा : पंगतीजवळ पदार्थांची पाटी लावायची ठरलीय, त्यावर नावं कुठली घालू? दुसरा अवघड : आमच्याकडे लग्नानंतरच्या मांडव परतणीच्या विधीला बोकड पडल्याशिवाय भावकी उठत नाही. मुलाकडचे म्हणतात, ज्या मांडवात आमच्या अय्यनवरांची, म्हणजे जंगम गुरूंची, पाद्यपूजा झाली तिथंच चार दिवसांनी मटण शिजणार का? दोघांचंही मला पटतंय, हाच घोळ आहे.

निपाणीकर

आधी अभिनंदन! पाटीचं एवढं काय घेऊन बसलात, आमच्याकडे बैलसुद्धा दुभाषी असतात. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर (तुमच्या काकांच्या भाषेत कारहुणवी), पुढं आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. उरलेला महाराष्ट्र श्रावणी अमावास्येला पोळा करतो तोवर आमचे बैल सजून, मिरवून, पुन्हा कामाला लागलेले असतात. आजोळी दोन्ही बेंदूर व्हायचे आणि बैलाला दोनदा पोळी मिळायची. आजोबांना मी एकदा विचारलं, यातला आपला कुठला? म्हणाले, "ज्या दिवशी बैल मोकळा असंल तो."

मटणाबद्दल मी बोलत नाही. मार बसतो.

शब्दवेडी

पाटीवर कुठलंही नाव घाला, मूळ बऱ्याचदा एकच निघेल. सकाळी आपण जे उप्पीट खातो तो सरळ कन्नड शब्द आहे, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. पुण्यामुंबईचे लोक उपमा म्हणतात, आपण बेळगाव-कोल्हापूरवाले उप्पीट. नागपंचमीच्या तंबिटाच्या लाडवातही तोच हिट्टु लपलाय. आणि ज्या तुपावरून अस्सल मराठी जेवणाच्या गप्पा मारल्या जातात ते तूप तिकडे तुप्प आहे. भाषेचे अभ्यासक तो शब्द कन्नडमधून आलेला मानतात.

निपाणीकर

@शब्दवेडी, म्हणजे वरणभातावर आम्ही इतकी वर्षं कर्नाटक वाढून घेतोय!

व्यवस्थापक

पाट्यांचा विषय निघाला की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीमाप्रश्न, १ नोव्हेंबर, ६० टक्के कन्नडचा नियम, शहराचं नाव, यांसाठी वेगळे धागे आहेत. इथे फक्त ताटात आहे तेवढं.

अक्का_टिळकवाडी

मामा, नावं जुळली म्हणून पदार्थ जुळले असं समजू नका. फसाल.

आमची पोळी म्हणजे कणीक सैलसर मळायची, तेलात मुरवायची, पुरणाचा गोळा भरून तांदळाच्या पिठीवर लाटण्याने लाटायची. लाटणं जड पडलं की कडा कोरड्या राहतात आणि घरचे बोलतात. माझ्या वरच्या मजल्यावर गोकाककडचंच कुटुंब राहतं, त्यांच्या अव्वा लाटणं हातातच घेत नाहीत. कणकेत बारीक रवा, तेल इतकं की गोळा हातातून निसटतो, आणि केळीच्या पानावर बोटांनी थापत थापत नेतात. तव्यावर पान उपडं करायचं आणि अलगद सोडवायचं. पहिल्यांदा मी करून बघितली तर पानासकट भाजली.

सारही वेगळं हो. आपल्या कटाच्या आमटीत भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, वर कांदा-लसूण मसाला, तर्री दिसली पाहिजे. त्यांच्यात कट पातळ ठेवतात, चिंच, गूळ, लवंग-दालचिनीचा वास, कढीपत्ता. मिरचीसुद्धा वेगळी. आपल्याला संकेश्वरीचा झटका लागतो, त्यांना ब्याडगीचा रंग. आचाऱ्याला 'दोन्हीच्या मधलं कर' म्हणालात तर कुणीच जेवणार नाही. एक काय ते ठरवा नाहीतर दोन पातेली लावा.

पंचमीला तर आम्ही दोघी एकमेकींच्या उलट असतो. माझ्याकडे त्या दिवशी विळी नाही, तवा नाही, चिरणं नाही, तळणं नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि ज्वारीच्या लाह्या. त्यांची पंचमी म्हणजे उंडीचा सण. शेंगदाण्याची उंडी, तिळाची उंडी, बेसनाची, डिंकाची, तंबिटाची. लेकी माहेरी येतात, झोपाळे बांधतात, आठ दिवस घर कुटत असतं. अव्वा डबा घेऊन खाली आल्या तेव्हा माझ्या सासूबाई विळी झाकून बसलेल्या. अव्वांना वाटलं आमच्याकडे काहीतरी अशुभ घडलंय. डबा तसाच घेऊन मागं फिरल्या! जिन्यात गाठून आणलं त्यांना.

येळ्ळूरचा

मामा, मी सरळ बोलूलालोय, राग मानू नका. मांडव परतणीचं बोकड रद्द केलासा तर भावकी तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई. आमच्यात गणपतीतसुद्धा दुसऱ्या दिवशी उंदरी असतीय, उंदीरमामाचं नाव आणि मटण आमचं. पुण्याचा जावई पहिल्यांदा आला तवा बघतच राहिला. गणपती मखरात आणि परड्यात रस्सा उकळूलालाय!

आणि लक्ष्मी यात्रा? वर्षानुवर्षं वाट बघून देवी गदगेवर, म्हंजे यात्रेच्या आसनावर, बसती तवा गावातल्या एकेका घराला पावण्यांची पंगत उठवायची असती. कोल्हापूर, गोवा, मुंबई, कुठनं कुठनं पावणे. जमीन गहाण टाकून यात्रा केलेली माणसं मी बघितलीत, आणि त्यातलं एक घर माझंच. पण ऐका, देवीला पहिला मान गोड्या नैवेद्याचाच. पोळी. गावातले लिंगायतसुद्धा तीच ओटी भरतात, तोच नारळ फोडतात. देवळाच्या आवारात बळी द्यायला १९५९ च्या कायद्यानं बंदी हाय, त्यामुळं बाकीचं ज्याचं त्याच्या घरी, शेतात. एका देवीचे दोन स्वयंपाक आम्ही पिढ्यान्पिढ्या चालवूलालोय. मग एका लग्नाचे दोन का चालू नयेत?

गोकाक_रोड

माझे मराठी शाळेतले नाही, दुकानातले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

मी मुलाकडच्या बाजूने लिहितो. मामांनी काकांना हट्टी समजू नये. आमच्यात जेवण म्हणजे आधी दासोह (सेवा म्हणून अन्नदान) आणि प्रसाद. बसवण्णांच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, हा शब्द आमच्या तोंडात आहे. माझे आजोबा जेवण झाल्यावर ताटात थोडे पाणी घालून बोटाने पुसून ते पाणी पीत. शित राहू द्यायचे नाही, तो प्रसाद आहे. लहानपणी मला किळस यायची. आजोबा गेल्यावर एकदा एकटाच जेवत होतो, तेव्हा माझ्या हातून तसेच झाले. त्या ताटाचा मटणाशी संबंध येऊ नये एवढेच काकांना वाटत असणार.

पण येळ्ळूरच्या साहेबांचेही खरे आहे. भांडे वेगळे, जागा वेगळी, दिवस वेगळा असेल तर आमच्यातली मोठी माणसे डोळे मिटून घेतात. आमची तरुण पोरं कुठल्या हॉटेलात काय खातात ते मोठ्या माणसांना माहीत असते. डोळे मिटायला जागा ठेवा, एवढेच मामांनी करावे.

आणि कृपया, मांडे मंडिगेच लिहा. ते आमचे आहे. 🙂

निपाणीकर

झालं, मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर भाजले ते मांडे आता गोकाकला निघाले. तुमचं ते सुकामेव्याचं करदंट आम्ही मागितलं का कधी?

अक्का_टिळकवाडी

मांडा कुणाचा ते जाऊ दे, करणारी कोण उरलीय ते सांगा. दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत तो पापुद्रा झुलवत मोठा करायचा आणि तापल्या उपड्या कढईवर टाकायचा, आत पिठीसाखर आणि खसखस. माझ्या लग्नात रुखवतात होता तो शेजारच्या बाईंनी केलेला. लेकीच्या लग्नात दुकानातून आला, पारदर्शक डब्यात.

सदलग्याची

आचार्य विद्यासागरांच्या सदलग्याची मी. मामा, तुमच्या यादीत जैन पाहुणे असणारच, चिकोडी-गोकाक भागातलं लग्न म्हणजे आम्ही असतोच. आमच्यासाठी वेगळा पदार्थ नको. एका पातेल्यात कांदा-लसूण-बटाटा घालू नका आणि आमची पंगत दिवस मावळायच्या आत बसवा. परवा एका रिसेप्शनला सात वाजता पोचलो, सगळ्यांनी प्रेमानं आग्रह केला आणि आम्ही पाणीही न पिता अहेर देऊन परत आलो. यजमानीण बिचारी रडायच्या बेतात होती.

अक्कांनी सांगितलेलं बिनलसणाचं सार केलंत तर आमचं आयतंच भागलं.

कुडचीकर

वाचतोय सकाळपासून. लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या गावाकडे मोहरमला चोंगे करतात. गुळाची गोड रोटी, पण साधी नाही, लाकडी पाटावर नक्षी कोरलेली असते त्यावर दाबून ठसा उठवायचा. आमच्या घरचा पाट पणजीच्या वेळचा, मधली वेल झिजून सपाट झालीय. चोंगे आणि मलिदा गल्लीत सगळ्यांकडे जातात. मराठा, लिंगायत, धनगर, सगळ्यांनी पिराला नवस बोललेले असतात आणि ते घेतात. आमच्या घरात भाजलेले, आमच्या हातचे. कुणी विचारत नाही.

आता लग्न. आमच्याकडे शादी असली की गावासाठी वेगळा मांडव, वेगळा आचारी (बहुतेक लिंगायतच), भाड्याने आणलेली वेगळी भांडी. ही पद्धत सगळ्यांच्या सोयीची आहे, वाईट काही नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मी त्या मांडवात वाढायला गेलो. बादलीला हात लावायच्या आधी आचाऱ्यानं हळूच सांगितलं, तुम्ही राहू द्या, पोरं आहेत की वाढायला. ज्या पंगतीत माझे शाळेतले मित्र बसले होते तिथं मी हात बांधून उभा राहिलो. त्यातल्याच चौघांनी महिनाभरापूर्वी माझ्या आईच्या हातचे चोंगे खाल्ले होते.

तक्रार करत नाही. फक्त मामा, तुमच्या दोन रकान्यांत जे जुळलं ते मला वाचायला फार गोड वाटलं, म्हणून लिहिलं.

चिकोडी_लोकल

@कुडचीकर, तुम्हाला निदान मांडवात उभं राहता आलं.

आमच्या आज्याला गावच्या यात्रेचं जेवण मिळायचं ते उठलेल्या पंगतीचं, वेशीबाहेर, स्वतःच्या गाडग्यात. या भागात १९२५ साली निपाणीत बाबासाहेबांची परिषद झाली तेव्हा तो पोरगेला होता. पलीकडे कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात थांबून चहा घेत, म्हणजे राजालाही एक कप चहा पिऊन दाखवावा लागत होता. आता आम्ही पंगतीत बसतो, कुणी उठवत नाही. पण घरभरणीला गल्लीतल्या वीस घरांना बोलावलं तर अकरा घरांनी 'उपवास आहे' म्हणून नारळ-पेढा घेतला. मंगळवार होता. बुधवारी ठेवली असती तर बुधवारचा उपवास निघाला असता.

पुरणपोळी आमच्याकडेही होते. कटाची आमटीही. नावं तीच आहेत.

येळ्ळूरचा

दादा, यावर काय बोलायचं. बोलवा मला पुढच्या खेपेला. येतो.

बाईंची_शाळा

मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांत २०२१ च्या डिसेंबरात दुपारच्या जेवणात अंडी सुरू झाली तेव्हा काही मठांनी विरोध केला, वर्तमानपत्रं भरून वाहिली. नंतर ती सगळ्या राज्यात आली, आमच्याकडेही. अंडं नको असेल त्या मुलाला केळं, आधी शेंगदाण्याची चिक्कीही असायची. पालकांनी काय ते लिहून द्यायचं.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात दोन रांगा लागतात. पहिल्या आठवड्यात मुलांना एकमेकांच्या घरचं जे ठाऊक नव्हतं ते रांगेनं सांगून टाकलं. मी तिसऱ्या दिवसापासून रांगच मोडली, सगळे गोल बसायचे आणि मी टोपली फिरवायची. एका मुलीच्या घरून 'केळे' लिहून आलंय. ती रोज केळं घेते, शेजारणीच्या अर्ध्या अंड्याशी बदलते आणि तोंड धुऊन घरी जाते. मी बघितलेलं नाही असं तिला वाटतं.

पाऊण_वाटी

सगळं वाचलं. एक विचारू का? मामा, काका, आचारी, भावकी, अय्यनवर, सगळ्यांचं आलं. भाचीचं काय? मांडव परतणीला मटण शिजेल की नाही यावर तासभर बसलात. त्या दिवसानंतर ती स्वतः खाणार की सोडणार हे कुणी ठरवलं? की ते धरूनच चाललंय?

कुडचीकर

+१

अक्का_टिळकवाडी

बरोबर विचारलंस गं. माझ्या बाबतीतही कुणी विचारलं नव्हतं. मी कारवारकडची, मासे खाऊन वाढलेली, आणि दिली देशस्थांत. बेचाळीस वर्षं झाली. अजून बाजारात मासळीच्या कट्ट्यावरून जाताना पावलं हळू होतात.

सांबऱ्याचा_मामा

चार दिवस लग्नाच्या धावपळीत होतो, उत्तर द्यायला उशीर झाला.

@पाऊण_वाटी, खरं सांगतो, विचारलंच नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून रात्री भाचीला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "मामा, आमचं दोन वर्षांमागंच ठरलंय. त्यांच्या घरच्या भांड्यात मी आणणार नाही, माहेरी आल्यावर सोडणार नाही. तो कॉलेजच्या गेटवर रोज ऑम्लेट खायचा, त्याच्या अव्वाला माहीत आहे, काकांना नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "आजीनं फक्त मला पहिल्या पंगतीला बसवायचं, नवरी आता त्यांची झाली म्हणून वगळायचं नाही." तिची आजी, म्हणजे माझी आई, शेजारी बसून ऐकत होती. उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली तेव्हा विचारत होती की बोकड किती किलोचं सांगितलंयस.

ठरलं ते असं. लग्नाचं जेवण सगळं गोड. सार कांदा-लसणाविना (सदलग्याच्या ताई, तुमची पंगत साडेपाचला). आमटी वेगळ्या पातेल्यात, आमच्या पद्धतीची. होळगी पानावर थापलेली, कारण आचारी म्हणाला दोन हजार लाटायला बायका कुठनं आणू. मांडव परतणी मांडवात नाही, शेतातल्या घरी. काकांना सांगितलं तर म्हणाले, त्या दिवशी मला घटप्रभेला काम आहे. @गोकाक_रोड, डोळे मिटायची जागा म्हणतात ती हीच ना?

@कुडचीकर, @चिकोडी_लोकल, तुमच्यावर काय लिहू ते सुचलं नाही. वाढायला माणसं कमी आहेत. सातला सकाळी दोघंही या, बादली मी हातात देतो. आचाऱ्याशी बोललोय. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, सार गरम असतंय, जपून वाढायला सांगा.

आता पाटीचं. दोन्ही नावं घालतोय, एकाखाली एक, लिपी दोन्ही. रंगारी समोर ब्रश घेऊन उभा आहे. विचारतोय, मराठीत कट्टिन लिहिताना एक ट की दोन?

गोकाक_रोड

दोन. आणि मंडिगे?

सांबऱ्याचा_मामा

वर मांडे, खाली मंडिगे. नाणं उडवलं होतं.